हिरव्या माशाची सोनोग्राफी

"चुकायला मी जागाच ठेवलेली नाही!"

गुरुवारी दुपारी कर्स्टन नायगार्डने हे वाक्य भर स्वयंपाकघरात, हातातला डाव उंचावून उच्चारलं. घरात असं काही बोललं की वास्तुपुरुष कान टवकारतो म्हणतात. विस्कॉन्सिनच्या घरांमध्ये त्याचा मुक्काम गराजमध्ये असतो, हे तिला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

कर्स्टन काळजी करण्यात पटाईत. अडीच वर्षांच्या टिल्डाला द्राक्ष द्यायचं तर आधी त्याचे चार तुकडे करायचे, आणि त्यातला एक स्वतः चावून बघायचा. दूध कोमट आहे ना हे मनगटावर बघून झालं की थर्मामीटरने बघायचं, आणि तो थर्मामीटर खरं बोलतोय ना हे बघायला दुसरा थर्मामीटर! तिचा नवरा वेड चीजच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, "अगं, या काळजीचा कुणी पगार देत असेल तर सांग. मी उद्याच नोकरी सोडतो!"

आणि गंमत बघा, असा धंदा निघाला! कर्स्टनच्या वडिलांना घशाला किरणांचे शेक द्यायचे होते. तेव्हा हॉस्पिटलात तिने एक बाई पाहिली. रोग्याच्या आधी त्या अजस्र मशीनखाली पाण्याची टाकी ठेवून ती बाई तपासत होती, की किरण सांगितले तेवढेच पडतात ना, सांगितले तिथेच पडतात ना.

"म्हणजे मशीन चुकेल म्हणून तुम्ही दिवसभर काळजी करता?" कर्स्टनने विचारलं.

"हो."

"आणि त्याचा पगार मिळतो?"

"बऱ्यापैकी. याला मेडिकल फिजिक्स म्हणतात."

वडील खडखडीत बरे झाले, पण लेकीला त्या शेकाची धग लागली ती लागलीच! लग्नाआधीची फिजिक्सची पदवी तिने झटकून बाहेर काढली, टिल्डाला मांडीवर घेऊन अभ्यास केला आणि विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळवला. पत्रात एवढंच लिहिलं होतं, की जागा दिली आहे, पैशाचं तुमचं तुम्ही बघा. फी अशी की घर विकून वर वेडला विकला असता तरी भरून झाली नसती. आता एकच वाट उरली होती, असिस्टंटशिप. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या प्रयोगशाळेत घ्यायचं, आपण त्याचं काम करायचं, की फी माफ आणि वर घरखर्चापुरते पैसे. पण जानेवारीपर्यंत सगळ्या प्राध्यापकांच्या थैल्यांची तोंडं बंद झाली होती. फक्त डॉ. अर्लन झिमर यांच्याकडे एक जागा उरली होती. ती गेली की मेडिकल फिजिक्स संपलं, आणि थर्मामीटरवर थर्मामीटर हेच आयुष्य!

डॉ. झिमर मार्कांकडे ढुंकून बघत नसत. त्यांची परीक्षा वेगळीच. उमेदवाराने घरी फँटम बनवून आणायचा. फँटम म्हणजे मशीन तपासायला खऱ्या माणसाऐवजी ठेवतात तो नकली देह. त्यात आपल्या हाताने गाठी लपवायच्या, कुठे लपवल्या ते तोंडाने सांगायचं, आणि मग डॉ. झिमर त्याची सोनोग्राफी करून बघणार. "ज्याला स्वतः बनवलेल्या रोग्याच्या पोटातलं माहीत नाही, त्याच्या हाती मी देवाने बनवलेला रोगी देत नाही," असं ते म्हणत. अट एकच. शरीर सपाट नसतं, तेव्हा फँटमही सपाट नको.

म्हणून कर्स्टनने सासूकडे माशाचा साचा मागितला.

सासू लव्हॉन खालच्या मजल्यावर राहायची. तांब्याचे, माशाच्या आकाराचे, हुबेहूब एकसारखे दोन साचे तिला लग्नात आहेर आले होते. त्या साच्यांत लव्हॉन हिरवी जेली लावायची. बाहेरून मऊ, गुळगुळीत, फिकट हिरवी. आणि आत लिंबाच्या चवीत अननस, किसलेलं गाजर, पनीरासारखं दाणेदार चीज आणि मार्शमेलोचे हवेने फुगलेले गोड गोळे असं सगळं गाव! तिच्या जेलीशिवाय टेकडीवरच्या लुथरन चर्चमधून गेली चाळीस वर्षं एकही माणूस स्वर्गात गेला नव्हता. अंत्यविधी झाला की चर्चच्या तळघरात जेवण, आणि जेवणात लव्हॉनचा मासा. आताही ऑर्व्हिल टोर्गरसन यांचा अंत्यविधी शुक्रवारीच होता, आणि कर्स्टनची परीक्षाही शुक्रवारीच.

"साचा घे, पण पोचा पाडू नकोस हं, पोरी," लव्हॉन म्हणाली. मग तिची नजर ओट्यावरच्या डब्यावर गेली. "हे काय, इसबगोल? हा कुणाच्या पोटात जायचाय?"

"कुणाच्याच नाही, लव्हॉन! साध्या जिलेटिनमध्ये घातला की मशीनला मांसासारखं दिसतं. तो मशीनखाली जायचाय."

"मशीनलाही होतो का तो त्रास?"

"आणि हे बघा, गाठी!" कर्स्टनने ऑलिव्ह आणि द्राक्षं दाखवली. "डोक्यात एक ऑलिव्ह. पोटात वर ऑलिव्ह, खाली खोल एक द्राक्ष. शेपटीत पुन्हा वर ऑलिव्ह, खाली द्राक्ष. पाच! डॉ. झिमरना बाहेरून दिसू नयेत म्हणून रंग घातलाय. घरात हिरवाच होता."

"टिकायला औषध नाही घालत का यात?" वेडने विचारलं.

"टिल्डा असलेल्या घरात? विषारी एक थेंब नाही! मी सांगते ना, चुकायला जागाच ठेवलेली नाही!"

जानेवारीत विस्कॉन्सिनचं गराज म्हणजे देवाने फुकट दिलेला फ्रिज. कर्स्टनचा मासा घट्ट झाला, फॉइलमध्ये गुंडाळला गेला आणि गराजच्या फळीवर जाऊन बसला. तिने त्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खाऊ नका'.

थोड्या वेळाने लव्हॉन आपला मासा घेऊन आली. तिला ती पट्टी भारी आवडली. प्रत्येक अंत्यविधीच्या आदल्या दिवशी वेड तिच्या जेलीत चमचा घालायचा. लहानपणची खोड, दाढी आली तरी सुटलेली नव्हती. "वा! इतकी वर्षं मला हे का नाही सुचलं?" म्हणत तिने त्याच रिळातली दुसरी पट्टी फाडून आपल्या माशावर लावली आणि त्याच पेनाने लिहिलं, 'खाऊ नका'.

दोन साचे सारखे, दोन मासे हिरवे, दोन फॉइल चकचकीत, आणि दोघांवर एकच उपदेश! वास्तुपुरुषाने फळीखाली हात चोळले.

शुक्रवारी सकाळी वेडच्या अंगात आदर्श नवरा संचारला. बायकोची परीक्षा, आईचा स्वयंपाक! त्याने दोन्ही गाड्या सुरू करून गरम केल्या, काचांवरचा बर्फ खरवडला आणि एकेक मासा एकेका गाडीत नेऊन ठेवला. बायकोचा मासा तर त्याने गाडीतल्या टिल्डाच्या खुर्चीत बसवून पट्ट्यांनी आवळला. टिल्डा आणि तो आजीबरोबर चर्चला जाणार होते.

कर्स्टनने निघण्यापूर्वी मासा तपासला. पट्टी वाचली. 'खाऊ नका'. गाडीत बसल्यावर उतरून पुन्हा वाचली. 'खाऊ नका'. बरोबर! विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये तिसऱ्यांदा वाचली. काळजी घ्यावी तर अशी!

डॉ. झिमर म्हणजे उंच, वाळका, भुरकट मिशांचा माणूस. त्यांनी फॉइल काढलं, वाकून पाहिलं.

"लिंबाचा वास येतोय, मिसेस नायगार्ड."

"साचा लिंबाच्या साबणाने दोनदा धुतलाय, सर!"

"छान. किती गाठी?"

कर्स्टनने घडाघडा पाचही जागा सांगितल्या. डॉ. झिमरनी माशावर थंड जेल ओतलं, हातातला सोनोग्राफीचा दांडा त्याच्या डोक्यावर टेकवला आणि पडद्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग पोटावर. मग शेपटीवर. मग पुन्हा डोक्यावर.

"मी पाच मोजल्या," ते शांतपणे म्हणाले. "मग वीस मोजल्या. मग सोडून दिलं."

पडद्यावर दिवाळी होती! चमकत्या रेघाच रेघा, मध्ये पांढरे ठिपके सांडल्यासारखे, आणि पोटात काळ्या सावल्या टाकणारे गोळे.

"इथे हवा आहे," डॉ. झिमर म्हणाले. "ढगासारखी. माशाच्या पोटात ढग! या रोग्याच्या नातेवाइकांना बोलावून घ्यावं, अशी परिस्थिती आहे."

"बुडबुडे... ढवळताना राहिले असतील..." कर्स्टन पुटपुटली. तिने तर पळीने एकेक बुडबुडा टिपून काढला होता!

डॉ. झिमरनी मिशी कुरवाळली. "का तुम्ही मुद्दाम अवघड केलंत? पाचाच्या जोडीला आणखी काही लपवून माझीच परीक्षा घेतलीत? तसं असेल तर हुशारी आहे. फक्त 'हो' म्हणा."

एक 'हो'! एका 'हो'वर फी माफ, दोन वर्षांची सोय! कर्स्टनने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. आणि पडद्यावर एक रेघ वळवळली. बारीक, लांब, किसणीतून उतरलेली.

गाजर!

कर्स्टनच्या डोक्यात सगळा हिशोब एका क्षणात लागला. हे गाजर म्हणजे ही लव्हॉनची जेली. ही इथे, म्हणजे माझी चर्चमध्ये. माझ्यात द्राक्षं. अख्खी द्राक्षं. न कापलेली! आणि चर्चमध्ये टिल्डा!

"नाही!" ती किंचाळली. "ही माझी नाहीच! ही माझ्या सासूबाईंची जेली आहे! माझा रोगी चर्चच्या तळघरात खातायत!"

तिने चर्चला फोन लावला. वाजत राहिला, सगळे जेवणाच्या रांगेत होते. लव्हॉनचा फोन नेहमीप्रमाणे पर्समध्ये बंद. कर्स्टन कोट उलटा घालून दाराकडे धावली, तर डॉ. झिमर पेटीएवढं छोटं सोनोग्राफी यंत्र बगलेत मारून पुढे उभे!

"तुम्ही कशाला, सर?"

"अहो, परीक्षेचा पेपर लोक खातायत! मी इथे बसून काय तपासू?"

चर्चच्या तळघराच्या पायऱ्या कर्स्टन उतरली म्हणण्यापेक्षा सांडली म्हणावं. आत कॉफीचा वाफारा, हॅमची सँडविचेस, काळे कोट, हलक्या आवाजातल्या गप्पा. लांब टेबलाच्या मधोमध मोठ्या ताटात हिरवी शेपूट तेवढी उरली होती. इथल्या माणसाला शेवटचा तुकडा उचलणं मरणाहून अवघड. तो अर्धा कापतो, अर्धा ठेवतो. पुढचा त्याचा अर्धा करतो. आर्डिस गुंडरसन या वयस्क बाई त्या शेपटीवर सुरी धरून अर्धी करायच्या बेतात होत्या.

"थांबा! खाऊ नका!" कर्स्टन ओरडली. "ती जेली नाही, तो रोगी आहे!"

मिसेस टोर्गरसन, दुःखात असूनही, चमचा खाली ठेवत्या झाल्या.

कर्स्टनने आधी टिल्डा गाठली, तिचं तोंड उघडून बोट फिरवलं. तोंडात पावाचा तुकडा, बाकी काही नाही.

"विचार तिला काय केलं ते!" लव्हॉन डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "माझी जेली तोंडात घातली आणि सगळ्यांदेखत 'शी!' म्हणून टेबलक्लॉथवर काढली! आणि ही मोठी माणसं! तिघं जण मला म्हणाले, 'वेगळी झालीय हं, लव्हॉन.' वेगळी! चाळीस वर्षांत मला कुणी 'वेगळी' म्हटलं नव्हतं!"

मागच्या साली आर्डिसबाईंचा गोठा जळाला, तेव्हासुद्धा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की आजचा दिवस जरा वेगळा गेला. तेव्हा लव्हॉनच्या काळजाला काय घरं पडली असतील ते बघा! बेचव, बिनसाखरेचं, वाळूसारखं कचकचणारं ते जिलेटिन, आणि सगळ्या तळघराने ते मान राखून गिळलं होतं. खरं बोलली ती एकटी टिल्डा!

कर्स्टनने एका दमात सगळं सांगितलं. लव्हॉनला आधी राग आला, मग जीव भांड्यात पडला. "म्हणजे ही माझी नव्हेच! ऐकलंत का सगळ्यांनी? माझी नव्हे!"

"विषारी काही नाही, शपथेवर सांगते," कर्स्टन म्हणाली. "जिलेटिन, रंग आणि... थोडा इसबगोल."

चर्चचे धर्मगुरू पास्टर डेल यांनी आपल्या ताटलीकडे पाहिलं. ती स्वच्छ होती. "थोडा म्हणजे?"

"डबा."

"अख्खा?"

"लहान होता डबा."

"कर्स्टन, मला संध्याकाळी एक लग्न लावायचंय!"

"पास्टर, भरपूर पाणी प्या," मागून कुणीतरी अनुभवाचे बोल ऐकवले.

एवढ्यात डॉ. झिमरनी सँडविचेस बाजूला सारून यंत्र टेबलावर मांडलं होतं. "मंडळी, क्षमा करा. ऑर्व्हिलसाहेबांच्या आत्म्याला शांती लाभो. पण मला साक्षी हव्यात. कुणाला आत काही लागलं?"

आर्डिसबाईंनी हात वर केला. "मला ऑलिव्ह. मला वाटलं, लव्हॉनच्या डोळ्यांना आता कमी दिसतं."

"कुठल्या भागात?"

"पोटात. वरवरच."

"बरोबर!" कर्स्टन ओरडली.

"मला द्राक्ष," पास्टर म्हणाले. "पोटातच. पार तळाशी. तोपर्यंत परत फिरायची वेळ निघून गेली होती."

"बरोबर!"

मग डॉ. झिमर शेपटीवर वाकले. सगळं तळघर त्यांच्या खांद्यावरून वाकलं. पडद्यावर मऊ, एकसारखी, करडी साय पसरली.

"हं! अगदी यकृतासारखं," ते पुटपुटले. "सुरेख ढवळलंय." वर एक चमकती कडा आणि तिच्याखाली सावली, त्याखाली खोलवर काळाभोर गोल ठिपका. "वर ऑलिव्ह. खाली द्राक्ष. चार झाल्या. पाचवी? डोक्यातली?"

डोकं खाल्लेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच काही लागलं नव्हतं.

"डोक्यात नक्की घातलं होतं, सर! माझ्या हाताने!" कर्स्टनचा आवाज चिरकला. "हवं तर..."

"पाचांपैकी चार," डॉ. झिमर खिन्नपणे म्हणाले. "रोग्याची एक गाठ बेपत्ता असेल, तर मला काही..."

"वेड नायगार्ड!"

लव्हॉनचा आवाज होता. कॉफीच्या किटलीमागे वेड ताटली घेऊन उभा होता. त्याचे कान हळूहळू बिटासारखे लाल होत होते. आईला लेकाचे कान वाचता येतात. त्याला सोनोग्राफी लागत नाही!

"इकडे बघ. चमचा घातलास ना?"

"एकच, आई! डोक्याच्या मागून! वरून सारखं करून ठेवलं होतं मी."

"आणि?"

"खारट लागलं. आत ऑलिव्ह होतं."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?" कर्स्टन कडाडली. "तेव्हाच बोलला असतास तर हे सगळं..."

"कसा बोलणार? 'खाऊ नका' लिहिलं होतं! बोललो असतो तर पकडला गेलो असतो ना!"

"पाच," डॉ. झिमर म्हणाले, आणि यंत्र बंद केलं. "मिसेस नायगार्ड, सप्टेंबरपासून या. असिस्टंटशिप तुमची."

टाळ्या वाजल्या. अंत्यविधीच्या जेवणात टाळ्या बरोबर नव्हेत हे आठवून थांबल्या. पण मिसेस टोर्गरसन म्हणाल्या, "वाजवा, ऑर्व्हिलला गंमत आवडायची," आणि पुन्हा वाजल्या.

कर्स्टन मात्र घुटमळली. काळजी गप्प बसू देईना. "सर, मघाशी मी 'हो' म्हटलं असतं तर?"

"तर मी 'नाही' म्हटलं असतं. अहो, मी याच गावात वाढलोय. माझ्या आईची जेली काय वेगळी होती? गाजर मी पडद्यावर पहिल्याच रेघेला ओळखलं! मला फक्त बघायचं होतं, की तुम्हाला पैसा जास्त प्यारा की रोगी." मग त्यांनी यंत्र बगलेत मारलं. "तुम्ही मात्र किंचाळलात ते लेकीसाठी. चालेल. उद्या मशीनखाली झोपणारी माणसंही कुणाची तरी लेकरंच असतात."

रविवारी चर्च फुलून आलं होतं. सगळ्या म्हाताऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर असं तेज, अशी प्रसन्नता, की पास्टर डेल यांना वाटलं आपलं प्रवचन अखेर लागू पडलं. मग आर्डिसबाईंनी लव्हॉनला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "त्या वेगळ्या जेलीची कृती मिळेल का गं?"

सोमवारी डॉ. झिमर यांचा फोन आला. कर्स्टनने झटकन उचलला. असिस्टंटशिप परत घेतायत की काय!

"मिसेस नायगार्ड, जरा सासूबाईंना देता का?"

झालं होतं असं, की प्रयोगशाळेत राहिलेल्या त्या माशाची सोनोग्राफी त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतली होती. एकालाही निदान करता आलं नाही. एकाने तर मार्शमेलोला फुप्फुस म्हटलं! इतका अवघड रोगी आजवर मिळाला नव्हता. तेव्हा शिकवायला दर आठवड्याला एक ताजा मासा हवा होता, संशोधनाच्या खर्चातून, रोख मोबदला देऊन.

कर्स्टनचे पैसे सप्टेंबरात सुरू व्हायचे होते. घरात मेडिकल फिजिक्सचा पहिला चेक आला तो फेब्रुवारीत, लव्हॉन नायगार्ड या नावाने!

लव्हॉनने तो आठवडाभर फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवला आणि खाली पट्टी लावली, 'हात लावू नका'. पुस्तकांचा ढीग समोर घेऊन बसलेल्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "एवढी काळजी नको करूस गं, पोरी. तुमचं फिजिक्स काही फार अवघड नाही. गाजर तेवढं बारीक किसायचं!"